जिवाणूंची उत्क्रांती ‘नुसती थिअरी’? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. उत्क्रांती कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, ती नुसती थिअरी आहे. पुरावा म्हणून जिवाणूंचे प्रयोग दाखवतात, पण त्यांत जिवाणूंना औषधाची सवय लागते इतकंच. नवीन काही तयार होत नाही. ‘बळी तो कान पिळी’ खरं असतं तर एकच जात उरली असती. फ्लास्कमधलं निसर्गाला लागू नाही. आणि गणित म्हणाल तर ते उत्तर आल्यावर मागून जुळवलेलं असतं.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आहे. तो धडा शिकणाऱ्या मुलांच्या फोनवर हा मजकूर येतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन, आकड्यांसह उत्तर देत आहोत.

मुद्दा पहिला: ‘ही नुसती थिअरी आहे’

आपल्या कॉलेजांत थिअरीचा पेपर वेगळा आणि प्रॅक्टिकल वेगळं. त्यामुळे थिअरी म्हणजे पाठ करायचं आणि प्रॅक्टिकल म्हणजे करून बघायचं, असा समज होतो आणि मजकुराला तोच आधार मिळतो. सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात सिद्धांताचं काम वेगळं आहे. प्रयोगाआधी एक आकडा सांगायचा, आणि तोही असा की प्रयोगाने तो खोटा ठरू शकेल. खाली प्रत्येक ठिकाणी तो आकडा कोणता होता ते दिलं आहे.

मुद्दा दुसरा: ‘जिवाणूंना औषधाची सवय लागते’

मजकुरातला हा सर्वांत मोलाचा मुद्दा, कारण १९४० च्या आसपास अनेक नामवंत जिवाणूशास्त्रज्ञांचंही मत असंच होतं. औषधाशी किंवा फेजशी (म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूशी) गाठ पडली की काही पेशी बदलतात आणि तगतात, असं ते मानत. उलट मत असं की तगणाऱ्या पेशी आधीच, गाठ पडण्यापूर्वी, योगायोगाने तयार झालेल्या असतात. प्लेटवर (म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या बशीवर) दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं: बहुतेक मेल्या, थोड्या उरल्या. नुसतं बघून निकाल लागत नाही.

साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली तो गणिताने लावला. समजा, एकाच बीजातून (म्हणजे सुरुवातीच्या थोड्या जिवाणूंतून) वीस छोट्या नळ्या स्वतंत्रपणे वाढवल्या आणि मग प्रत्येक नळी फेज लावलेल्या प्लेटवर ओतली. पेशी प्लेटवर आल्यावर बदलत असतील, तर प्रत्येक प्लेटवर साधारण सारख्याच वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) येतील आणि त्या आकड्यांचं विचरण, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरलेपणाचं माप, सरासरीइतकंच असेल. पण बदल नळीत वाढतानाच होत असेल, तर वेळ महत्त्वाची ठरते. एखाद्या नळीत तो सुरुवातीलाच झाला तर त्या पेशीची पिलावळ शेकड्यात जाईल; दुसरीत शेवटी झाला तर एखाददुसरीच वसाहत दिसेल; बऱ्याच नळ्यांत शून्य. विचरण सरासरीच्या कितीतरी पट निघेल.

ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू आणि टी१ फेज घेऊन केलेल्या एका प्रयोगातले वीस नळ्यांचे आकडे असे: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. सरासरी ११.३५. विचरण स्वतः काढून बघा, सुमारे ७५० येतं. तुलनेसाठी एकाच मोठ्या भांड्यातून घेतलेले नमुने: १४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३. सरासरी १६.७, विचरण सुमारे १८. म्हणजे प्लेटिंगच्या पद्धतीत गोंधळ नव्हता. फरक नळ्यांच्या इतिहासात होता. सवयीच्या कल्पनेने १०७ चा आकडा समजावता येत नाही.

याच आकड्यांतून उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएतल्या बदलाचा, दरही निघतो. वीसपैकी अकरा नळ्यांत शून्य, म्हणजे शून्याचं प्रमाण ०.५५. त्याचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह बदललं की ०.६ मिळतं, दर नळीमागे सरासरी इतक्या वेळा उत्परिवर्तन घडलं. ०.२ मिलीच्या नळीत सुमारे दोन कोटी पेशी असतील, तर साधारण सव्वातीन कोटी पेशींमागे एक.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या कॉलेज प्रयोगशाळेत हे फेजशिवाय, रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक वापरून करता येतं. ई. कोलाय के-१२ चा निरुपद्रवी प्रयोगशाळेतला स्ट्रेन घ्या. रात्रभर वाढवलेलं कल्चर (जिवाणूंचा द्रव) इतकं पातळ करा की प्रत्येक नळीत हजारभर पेशीच जातील. २० ते ३० नळ्या, प्रत्येकी १ मिली ब्रॉथ, ३७ अंशांवर रात्रभर. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नळीतला सगळा द्रव १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली रिफाम्पिसिन असलेल्या अगार प्लेटवर पसरा. तीन-चार नळ्या बाजूला ठेवून त्यांतल्या एकूण पेशी साध्या प्लेटवर दहा लाख पट पातळ करून मोजा. वसाहती २४ ते ४८ तासांनी मोजा, पण सगळ्या प्लेट्स एकाच वेळी. काम संपल्यावर सगळं १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नका.

चुका ठरलेल्या जागी होतात. बीज जास्त टाकलं की आधीचे प्रतिरोधी जिवाणू प्रत्येक नळीत शिरतात, सगळ्या नळ्या सारख्या दिसू लागतात आणि निष्कर्ष उलटा निघतो. नळीतला दहावा भागच प्लेटवर घेतला तर शून्यं खोटी वाढतात. रिफाम्पिसिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि उजेडाने खराब होतं. मेथॅनॉलमध्ये ताजं करून अंधारात ठेवा, नाहीतर संवेदनशील पेशींचाच थर येईल. आणि दर काढताना सरासरी वापरू नका. १०७ सारखी एकच नळी ती हवी तिकडे ओढते. शून्यांचं प्रमाण किंवा मध्यक घ्या. सगळ्या प्लेट्सवर वसाहती आल्या तर शून्याची पद्धत निकामी होते. अशा वेळी पुढच्या खेपेला नळीत वाढवायचा ब्रॉथच कमी घ्या.

मजकुरात खऱ्याचा अंश आहे, तोही सांगायला हवा. पेशी परिस्थितीनुसार जनुकं चालू-बंद करतात. काही पेशी सुप्त राहून औषधातून वाचतात. ताणाखाली काही जिवाणूंचा उत्परिवर्तनाचा दर वाढतो, पण कोणतं उत्परिवर्तन व्हावं हे औषध ठरवत नाही. सवय आणि उत्परिवर्तन वेगळं करण्याची चाचणी सोपी आहे: वाचलेली वसाहत औषधाशिवाय तीन-चार वेळा पुन्हा वाढवा आणि मग औषधावर ठेवा. सवय उतरते. बहुतेक उत्परिवर्तनं टिकतात.

हा वाद पुस्तकी नाही. क्षयरोगाला एका वेळी अनेक औषधं का देतात, याचं उत्तर याच गणितात आहे. आयसोनियाझिड या औषधाला प्रतिरोधी जिवाणू साधारण दहा लाखांत एक आढळतो, रिफाम्पिसिनला त्याहूनही दुर्मिळ, साधारण दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी ते एक अब्ज जिवाणू असू शकतात. म्हणजे एकच औषध दिलं तर त्याला दाद न देणारा जिवाणू बहुधा तिथे आधीच बसलेला आहे. दोन स्वतंत्र औषधांना एकाच वेळी दाद न देणारा मात्र एकावर चौदा शून्यांत एक, म्हणजे व्यवहारात नाही. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे कळीचा. एक औषध त्या जागी पोचलंच नाही किंवा रुग्णाने दोनपैकी एकच घेतलं, तर गुणाकार मोडतो आणि आपण पुन्हा एका औषधावर येतो. 

मुद्दा तिसरा: ‘नवीन काही तयार होत नाही, जुनंच मोडतं’

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथे ई. कोलायच्या बारा वंशावळी सुरू केल्या. प्रयोग पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात गेला, २०२२ मध्ये टेक्सासला ऑस्टिन इथे जेफ्री बॅरिक यांच्याकडे. कृती इतकी साधी आहे की तिची ताकद पटकन लक्षात येत नाही. ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० मिली माध्यम, त्यात लिटरमागे फक्त २५ मिलिग्रॅम ग्लुकोज, ३७ अंश, १२० फेऱ्यांचा शेकर. रोज ०.१ मिली कल्चर ९.९ मिली ताज्या माध्यमात. शंभर पट पातळ केलं म्हणजे पुन्हा भरायला ६.६४ पिढ्या लागतात. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे ७५ दिवसांनी, ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांत गोठवतात. गोठवलेले जिवाणू मरत नाहीत, त्यामुळे पूर्वजाला बाहेर काढून वंशजाशी थेट झुंजवता येतं.

ती झुंज अशी मोजतात. पूर्वज आणि वंशज यांतल्या एकाला अरॅबिनोज ही साखर पचतो, दुसऱ्याला नाही. टेट्राझोलियम-अरॅबिनोज अगारवर न पचवणारा लाल दिसतो, पचवणारा पांढरा. दोघांना एक दिवस त्याच माध्यमात वेगळं वाढवून सरावू द्यायचं, मग प्रत्येकी ०.०५ मिली एकत्र. त्याच क्षणी आणि २४ तासांनी प्लेटवर मोजायचं. समजा, सुरुवातीला दोघांच्या २०० वसाहती, आणि शंभर पट जास्त पातळ करून दुसऱ्या दिवशी २५० व १५०. एकाची वाढ १२५ पट, दुसऱ्याची ७५ पट. लॉग ४.८३ आणि ४.३२. भागाकार १.१२, म्हणजे वंशज १२ टक्के सरस.

हा १२ किती खरा? चारही मोजण्या दोनशेच्या आसपास असतील तर केवळ मोजणीच्या योगायोगाने या गुणोत्तरात सुमारे ३ टक्के चूक येते. एक टक्क्यापर्यंत पोचायला नऊ-दहा पुनरावृत्ती हव्यात, किंवा झुंज तीन दिवस चालवावी. आणि लाल-पांढऱ्या खुणेचा स्वतःचा काही परिणाम नाही, हे पूर्वजाच्या दोन्ही रूपांना आपसांत झुंजवून आधी तपासावं लागतं. ते न केलेल्या मोजणीवर विश्वास ठेवू नये.

पहिल्या २,००० पिढ्यांत सरसपणा तीस टक्क्यांच्या वर गेला. ५०,००० पिढ्यांपर्यंत सुमारे ७० टक्क्यांवर.

आता ‘मोडण्या’विषयी. हो, बरंच मोडतं. बाराही वंशावळींनी राइबोज ही साखर पचवण्याची क्षमता गमावली, कारण फ्लास्कमध्ये राइबोज नव्हताच. पण या माध्यमात सायट्रेटही असतं, तेही ग्लुकोजच्या कितीतरी पट. ई. कोलायला ते हवेच्या सान्निध्यात आत घेता येत नाही, ई. कोलाय ओळखण्याची ती एक खूणच आहे. एका वंशावळीत ३१,५०० पिढ्यांच्या सुमारास सायट्रेटवर वाढणारे जिवाणू आले आणि ३३,००० नंतर फ्लास्क डोळ्यांना दिसेल इतका गढूळ झाला. २००८ साली हे जाहीर झालं, २०१२ साली यंत्रणा उलगडली. डीएनएचा २,९३३ अक्षरांचा तुकडा जोडून दुप्पट झाला आणि सायट्रेट आत आणणारं जनुक अशा एका नियंत्रकाच्या पुढ्यात येऊन बसलं, जो ऑक्सिजन असतानाही चालू असतो. ही जोडणी पूर्वजात कुठेही नव्हती. ‘जुनेच तुकडे आहेत’ म्हणणाऱ्यांचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. नवी कामं बहुतेकदा जुन्या तुकड्यांच्या नव्या जोडणीतूनच येतात, आणि जनुक दुप्पट होणं हा त्याचा नेहमीचा मार्ग.

यात एक दुरुस्तीही नोंदवायला हवी. सायट्रेटवरच थेट निवड लावली तर हीच क्षमता शंभरेक पिढ्यांच्या आतही येते, हे २०१६ साली दाखवलं गेलं. म्हणजे ‘तीस हजार पिढ्या लागल्या’ हे त्या रोजच्या हस्तांतराच्या पद्धतीचं वैशिष्ट्य, निसर्गनियम नव्हे.

‘जिवाणू शेवटी जिवाणूच राहिला’ असंही मजकुरात असतं. पस्तीस वर्षांत तो मासा होईल, असं उत्क्रांतीचा सिद्धांत कुठेच म्हणत नाही.

मुद्दा चौथा: ‘तगडाच टिकतो, तर मग इतके प्रकार कसे?’

इथे परिसंस्थेचा विचार आत येतो. तगडा कोण, हे शेजारी कोण आहेत आणि जागा कशी आहे यावर ठरतं.

पॉल रेनी आणि मायकल ट्रॅव्हिसानो यांचा १९९८ चा प्रयोग कुणालाही जमेल इतका स्वस्त आहे. स्यूडोमोनास फ्लुरेसन्स एसबीडब्ल्यू२५, २५ मिलीची काचेची बाटली, ६ मिली किंग्ज बी ब्रॉथ, झाकण सैल, २८ अंश, न हलवता. एकाच गुळगुळीत वसाहतीच्या पेशीपासून सुरुवात करून आठवड्याभरात प्लेटवर तीन ठळक रूपं दिसतात: गुळगुळीत, सुरकुतलेलं आणि केसाळ. सुरकुतलेलं रूप सेल्युलोज तयार करून पृष्ठभागावर साय धरतं, कारण खालच्या द्रवात ऑक्सिजन संपलेला असतो. तीच बाटली शेकरवर ठेवली तर हे वैविध्य येत नाही. सगळीकडे ऑक्सिजन सारखा, त्यामुळे वेगळ्या जागाच उरत नाहीत. सिद्धांत म्हणतो की सहअस्तित्वासाठी प्रत्येक रूपाला ते विरळ असताना फायदा व्हायला हवा. म्हणून एकास एक नव्हे, तर एकास शंभर आणि शंभरास एक अशा दोन्ही प्रमाणांत झुंज लावावी लागते. हा प्रयोग फसतो तो हाताळणीने: बाटली उचलून बघितली की साय फाटते, बुडते, आणि मोजणी वाया जाते.

बेंजामिन कर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ई. कोलायचे तीन प्रकार घेतले. एक कोलिसिन नावाचं विष सोडणारा, एक त्या विषाने मरणारा, एक त्याला न जुमानणारा. विषारी मारतो मरणाऱ्याला; न जुमानणारा विषारीपेक्षा वेगाने वाढतो; मरणारा न जुमानणाऱ्यापेक्षा वेगाने. संगणकावरचं भाकीत असं होतं की संपर्क शेजाऱ्यांपुरता राहिला तर तिघं टिकतील, सगळे मिसळले तर नाही. तसंच घडलं. प्लेटवरची नक्षी मखमलीच्या कापडाने जशीच्या तशी नव्या प्लेटवर उमटवली तेव्हा तिघं राहिले. फ्लास्कमध्ये मरणारा आधी गेला, मग विषारी.

लेन्स्कींच्या हलत्या, एकसाखरी फ्लास्कमध्येही सहअस्तित्व उगवलंच. एका वंशावळीत ६,००० पिढ्यांच्या सुमारास दोन शाखा झाल्या आणि दोन्ही हजारो पिढ्या टिकल्या. एक ग्लुकोजवर वेगाने वाढते, दुसरी पहिलीने टाकलेल्या अ‍ॅसिटेटसारख्या पदार्थांवर जगते.

मुद्दा पाचवा: ‘फ्लास्क म्हणजे निसर्ग नव्हे’

मान्य, आणि म्हणूनच फ्लास्कमध्ये निसर्ग हळूहळू वाढवत नेतात. २०१८ साली माती आणि पानांवरचे बारा नमुने एकाच ग्लुकोज माध्यमात, दर ४८ तासांनी १२५ पट पातळ करत बारा वेळा पुढे नेले. प्रजाती नमुन्यागणिक वेगळ्या उरल्या, पण कुळांच्या पातळीवर चित्र सारखं निघालं: एंटेरोबॅक्टेरिएसी आणि स्यूडोमोनॅडेसी. एकमेकांचं उरलंसुरलं खाणं धरलेल्या प्रारूपातूनही असाच सारखेपणा निघाला. त्याच्या आदल्या वर्षी मातीतल्या आठ जिवाणूंच्या जोड्यांचे निकाल वापरून त्रिकुटांत कोण टिकेल याचं भाकीत सुमारे ९० टक्के वेळा बरोबर आलं. उरलेल्या दहा टक्क्यांत तिसऱ्याच्या येण्याने जोडीचं नातं बदललेलं असू शकतं. पुढचा प्रयोग तिथे करायचा असतो.

मुद्दा सहावा: ‘गणित मागून जुळवतात’

हे तपासण्याचा एकच मार्ग: आकडा आधी लिहून ठेवायचा. स्टीफन हॅन्सन आणि स्टीफन हबेल यांनी १९८० साली नेमकं हेच केलं. एका पोषकद्रव्यावर, ट्रिप्टोफॅनवर, अडलेले दोन जिवाणू सतत वाहत्या कल्चरमध्ये, म्हणजे केमोस्टॅटमध्ये. दोघांचे आकडे वेगवेगळे वाढवून आधी मोजले. ई. कोलायचा कमाल वेग तासाला ०.८१, स्यूडोमोनास एरुजिनोसाचा ०.९१. निम्म्या वेगाला लागणारं ट्रिप्टोफॅन: ई. कोलायला लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम, स्यूडोमोनासला ३१०. प्रवाह तासाला ०.०६.

वेगावर गेलं तर स्यूडोमोनास जिंकायला हवा. सिद्धांत म्हणतो, जो सर्वांत कमी ट्रिप्टोफॅनवर तग धरेल तो जिंकेल. ती किमान पातळी काढायची रीत: निम्म्या वेगाची तीव्रता गुणिले प्रवाह, भागिले कमाल वेग वजा प्रवाह. ई. कोलायसाठी ०.२४ मायक्रोग्रॅम, स्यूडोमोनाससाठी सुमारे २२. दोघांना एकत्र केल्यावर ई. कोलाय जिंकला. पुढे ई. कोलायच्या दोन स्ट्रेनमध्ये नॅलिडिक्सिक आम्ल (एक प्रतिजैविक) तोलून घालून ही किमान पातळी मुद्दाम समान केली, तेव्हा दोघं एकत्र राहिले. मागून जुळवलेल्या गणिताला हे जमत नाही.

लेन्स्कींच्या प्रयोगातही २०१३ साली दोन वक्र समोरासमोर ठेवले गेले. एक कुठेतरी थांबणारा, दुसरा सतत मंदावत जाणारा पण कधीच न थांबणारा. पहिल्या २०,००० पिढ्यांच्या आकड्यांवर बसवल्यावर न थांबणाऱ्याने ५०,००० पिढ्यांपर्यंतचं भाकीत बरोबर केलं. थांबणाऱ्याचं कमी पडलं.

आणि गणित हरतंही. रोज पातळ करण्याच्या प्रयोगांत अनेक वर्षं असं गृहीत धरलं जात होतं की हस्तांतरित पेशींची संख्या गुणिले दोन हस्तांतरांमधल्या पिढ्या, हा गुणाकार जितका मोठा तितकं अनुकूलन जास्त. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत सुतीर्थ डे यांच्या गटाने ई. कोलाय आणि संगणकी प्रारूपं दोन्ही वापरून हे तपासलं, आणि २०१९ साली दाखवलं की हा गुणाकार भाकीत करू शकत नाही. त्यांनी गुणाकाराऐवजी भागाकार सुचवला. एक हिशेब करून बघा. चाळीस लाख पेशी उचलून दहा पट पातळ केल्या, तर ३.३ पिढ्या, दहा लाख पेशी उचलून दहा हजार पट, तर १३.३ पिढ्या. गुणाकार दोन्हींचा सारखाच, सुमारे १ कोटी ३३ लाख. भागाकारात मात्र सोळा पटींचा फरक. दोन हस्तांतरांत पिढ्या जास्त असल्या की नवी उत्परिवर्तनं जास्त येतात, पण निवडीची धारही कमी होते. म्हणून प्रयोग आखताना पातळ करण्याचं प्रमाण कमी आणि उचललेल्या पेशी जास्त ठेवा. फ्रीझरमध्ये नमुना ठेवताना दोन्ही आकडे लेबलवर लिहा.